तुझी बशी कोण?

हातातलं काम ठेवा बाजूला, मला हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय. संध्याकाळपर्यंत थांबले तर नीट सजवून सांगेन आणि मग त्यातली सगळी मजा जाईल.

माझ्या पप्पांनी आत्ता माझा फोन कट केला. बोट लागून नाही, चांगलं सांगून. मी पुण्यात ऑफिसच्या जिन्यात उभी राहून त्यांना मेसच्या भाजीचं गाऱ्हाणं सांगत होते, ते हं हं करत होते, आणि मधेच म्हणाले, "ठेव आता. बशी आली. लई तापून आलीय आज." आणि ठेवला.

मी तिथंच पायरीवर बसून हसायला लागले. हसता हसता डोळ्यातनं पाणी. वरून उतरणाऱ्या एक मॅडम थांबल्या, काय झालं म्हणून विचारलं. मी म्हणलं, वडलांनी फोन कट केला. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, होतं असं, राग शांत झाला की करतील परत. आता त्यांना काय सांगू. हा माणूस मला सकाळी उठल्या उठल्या फोन करायचा, मग डबा खाल्ला का म्हणून करायचा, मग लाईट गेली म्हणून, मग लाईट आली म्हणून. लाईट गावाकडं, लोहाऱ्यात जायची आणि मला पुण्यात कळायचं. त्या माणसाला आज माझ्याशी बोलायला वेळ नाही. ह्यासारखी चांगली बातमी मला वर्षभरात कुणी दिली नाही.

आणि ह्या सगळ्याच्या मागं आपा आहेत. म्हणून आपांबद्दल सांगते.

लोहाऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाला, तहसीलकडं जाणाऱ्या रस्त्यावर, आपांचं घर. पुढच्या खोलीत चहा, मागच्या खोलीत आपा. पाटी नाही. वर पत्रे, बाहेर दोन बाकडी, आणि आत पडद्यामागं एक बाकडं, ते बायकांचं. त्यांना सगळं गाव आपाच म्हणायचं. नाव असणारच काहीतरी. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, रेशन कार्डावर हाय की, तितंच ऱ्हाऊ दे.

साठीच्या पुढचं वय, अंगानं भरभक्कम, गुडघे पार गेलेले. सकाळी एकदा शेगडीपुढं बसल्या की बसल्या. चष्म्याची एक दांडी मोडलेली, तिथं दोरा बांधून तो कानाला गुंडाळलेला. दुधाशी बोलायच्या. दूध वर यायला लागलं की म्हणायच्या, "आला, नवरदेव आला. बोलवलं कुनी न्हाय तरी आला." आणि गॅस बारीक करायच्या. नवीन माणूस इकडंतिकडं बघायचा, कोण नवरदेव. पैसे स्कॅन करायचा कागद कुणीतरी आणून दिला होता, तो त्यांनी शेगडीच्या मागं, काळ्या झालेल्या भिंतीवर चिकटवला होता. तिथं मोबाईल न्यायचा तर हात भाजून घ्यायची तयारी पाहिजे.

पण हे सगळं कुणाकडंही असतं. आपांची खरी गंमत वेगळीच. आपा एका माणसाला चहा द्यायच्याच नाहीत.

खरंच नाही. माणूस एकटा येऊन म्हणाला, आपा एक चहा, की त्या वर सुद्धा बघायच्या नाहीत. विचारायच्या, "कोन कोन?"

म्हणजे दुसरा कोण. दुसरा नसेल तर बसा. कुणीतरी येईल. आला की दोघांत एक चहा, एकाला कप, एकाला बशी. दुसऱ्याला तुम्ही ओळखत असा नसा, आपांना काही घेणं नाही. कुणी चिडून म्हणलं की मी पैसे देतो की पूर्ण चहाचे, तर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "चहा काय औषिद हाय का, एकट्यानं घ्यायला?"

आता तुम्ही म्हणाल असं कसं चालतं दुकान. मलाही तेच वाटायचं. पण चालायचं. तहसीलला कामाला आलेली खेड्यापाड्याची माणसं, जीपवाले, मास्तर, सगळे तिथंच. कागदाचे डिस्पोजल कप नाहीत, चिनी मातीचे कप आणि बशा. आणि एकाही कपाला त्याची बशी नाही. गुलाबाच्या फुलाच्या कपाखाली निळ्या रेघांची बशी, पांढऱ्या कपाखाली हिरवी. मला आधी वाटलं फुटून फुटून असं झालं असेल. तर नाही. कुणीतरी सोलापूरहून नवा कोरा सेट आणून दिला, तर आपांनी माझ्यादेखत खोका फोडला आणि सगळे कप एकीकडं, सगळ्या बशा दुसरीकडं टाकल्या. म्हणाल्या, दुकानात जे जोडीनंच आलं ते जोडीनं ठेवलं तर आपुन काय केलं?

माझी पहिली भेट सांगते. मी तेव्हा परीक्षांचा अभ्यास करायचे, आपांच्या घरासमोर वरच्या मजल्यावर अभ्यासिका होती. दुपारी डोकं नुसतं बधिर झालेलं. आमच्याकडं पोरी अशा बाहेर चहाला जात नाहीत, पण त्या दिवशी मी ओढणी डोक्यावरून घेऊन सरळ खाली आले आणि म्हणलं, आपा एक चहा द्या.

"कोन कोन?"

म्हणलं मी एकटीच आहे.

"दिसतंयच की. म्हून तर तोंड असं झालंय." आणि पडद्याकडं मान केली. आत पार्लरवाली ताई बसली होती, ती पण जोडीदाराची वाट बघत. आपांनी तिला कप दिला आणि मला बशी. मी जन्मात कधी बशीनं चहा प्यायले नव्हते. निम्मा ड्रेसवर. ती पार्लरवाली इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या दिवसापासून ती माझी बशी.

हा शब्द असाच पसरला बघा. आमच्या गल्लीत मैत्रीण, दोस्त, यार असं कुणी म्हणत नाही. म्हणतात, तो माझी बशी आहे. शाळेतली पोरं एकमेकांना विचारतात, तुझी बशी कोण? लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेला माणूस दारातनं सांगून जातो, बशीसकट या. बाहेरगावची सून गल्लीत आली की तिला पहिले काही दिवस वाटतं हे लोक भांड्यांबद्दलच का बोलतात सारखं.

कप कुणाला आणि बशी कुणाला, हे आपा ठरवायच्या. कशावरून, ते मला लई दिवस कळलं नाही. वयावरून नाही, जातीपातीवरून नाही, पैशावरून तर नाहीच. एकदा तहसीलच्या रांगेत दोघांची चांगलीच जुंपली. एक शेजारच्या सास्तूर गावचा, एक गावातलाच. मधे घुसला, नाही घुसला, आईबाप निघाले. दोघं वेगवेगळे आपांकडं आले, एक ह्या बाकड्याच्या टोकाला, एक त्या. दोघं पण एकटे. बाकीच्यांच्या जोड्या आधीच लागलेल्या. आपांनी बघितलं आणि गुपचूप एक कप, एक बशी दोघांच्या मधे ठेवली, बशी सास्तूरवाल्याच्या बाजूला. कुणी हात लावेना. चहावर साय धरली. शेवटी सास्तूरवाल्यानं बशी उचलली, मनातल्या मनात काहीतरी पुटपुटत. संध्याकाळी मी अभ्यासिकेतनं निघाले तर गावातला तो माणूस सास्तूरवाल्याला मोटारसायकलवर जीपच्या स्टँडवर सोडायला निघाला होता. मी आपांना म्हणलं, कसं काय हो जमवता? त्या आलं ठेचत होत्या. म्हणाल्या, म्या काय करतेय, चहा करतेय.

मी म्हणलं, आपा, मग तुमची बशी कोण? तर हसल्या. "मी किटली हाय बेटा. किटलीला बशी कशाला?"

आता पप्पांकडं येते, कारण खरी गोष्ट तिथं आहे.

पप्पा हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, रिटायर झाल्यावर पण. मम्मी गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मम्मी असताना चार वाजता चहा व्हायचा, दोघांचा, ती ओट्याला टेकून आणि हे खुर्चीवर. मम्मी गेल्यावर चार वाजता पप्पा स्वतः चहा टाकायला लागले. मी अभ्यासिकेत असायचे, मला माहीत नव्हतं. एक दिवस पोट दुखतंय म्हणून लवकर घरी आले, तर ते ओट्याशी उभे. पातेल्यातला निम्मा चहा त्यांनी आपल्या कपात घेतला, आणि उरलेला निम्मा बेसिनमधे ओतून दिला. सावकाश. मग पातेलं विसळलं.

मी विचारलं, का ओतला? म्हणाले, जास्त झाला.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम लवकर आले. परत तेच. पाणी दोन कप मोजून टाकायचे, हाताला सवय. आणि मग निम्मा ओतायचे. रोज.

आणि तेवढ्यात मला पुण्याची नोकरी लागली. तुम्हाला वाटेल आनंदीआनंद. कसला. पप्पा म्हणाले जा, बिनधास्त जा, माझं काय, मी बघतो माझं. पण मला ते बेसिन दिसायचं. हा माणूस गल्लीत कुणाकडं जात नाही, कुणी ह्यांच्याकडं येत नाही. हेडक्लार्कच्या खुर्चीचा रुबाब सगळ्यांना लक्षात, त्यामुळं लोक नमस्कार करून पुढं जातात. मी गेल्यावर हे दिवसभर कुणाशी एक शब्द बोलणार नाहीत. मी ठरवलं होतं, नोकरी सोडते. नुसतं सांगायचं बाकी होतं.

आपांकडं बसले असताना मी हे सगळं बोलून गेले, दोन कप पाण्यासकट. आपांनी आलं ठेचायचं थांबवलं. बत्ता बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "साबाला इकडं घिऊन ये." मी म्हणलं, येणार नाहीत, त्यांना बाहेरचा चहा चालत नाही, उभ्या जन्मात टपरीवर बसले नाहीत. "हौ?" म्हणाल्या. आणि परत आलं ठेचायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आपा आमच्या दारात. गुडघे गेलेली बाई, भिंतीला धरत धरत गल्ली चढून आलेली. शेगडीपाशी पार्लरवालीला बसवून आलेल्या. मी दार उघडलं, त्या मला बाजूला करून सरळ आमच्या स्वयंपाकघरात. पप्पा ओट्याशी, पातेल्यात चहा उकळतोय. आपांनी चष्मा सारखा करून पातेल्यात बघितलं.

"साब, ह्यो दोन कपाचा चहा हाय."

पप्पा म्हणाले, हो.

"कोन कोन?"

पप्पांनी माझ्याकडं बघितलं, मग पातेल्याकडं बघितलं.

आपा हळू आवाजात म्हणाल्या, "ओतू नका. तिकडं आना."

आणि निघाल्या. मला वाटलं आता पप्पा मला फाडून खाणार, घरातली गोष्ट बाहेर सांगितली म्हणून. त्यांनी गॅस बंद केला. सांडशीनं पातेलं धरलं. आणि घरातल्या पायजम्यावर, इस्त्रीच्या शर्टाशिवाय, बनियनवर माझे पप्पा भर गल्लीतनं ते वाफाळतं पातेलं पुढं धरून आपांच्या मागं चालायला लागले. आपा भिंत धरून पुढं, पप्पा पातेलं धरून मागं, त्यांच्या मागं मी चपला हातात घेऊन. सगळी गल्ली दारात. कुणीतरी विचारलं, साहेब, कुणीकडं? पप्पा म्हणाले, सरका, गरम आहे.

तिकडं ड्रायव्हरकाका बसलेले. हे एसटीचे रिटायर ड्रायव्हर, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहतात, घरात मुलगा सून. त्यांची कुठलीही गोष्ट "तवा म्या हैदराबाद गाडीवर हुतो" अशी सुरू होते, मग ती लग्नाची असू दे नाहीतर दातदुखीची. आणि ते बशीनं चहा पितात तो आवाज. सुर्रर्र. आमच्या घरात ऐकू यायचा. पप्पा दुपारी पेपर वाचता वाचता म्हणायचे, चहा पितोय का मोटार चालू करतोय.

आणि आपांनी पप्पांना बसवलं ते नेमकं त्यांच्याशेजारी.

पप्पांच्याच पातेल्यातला चहा आपांनी कपात ओतला, बशीत ओतला. कप ड्रायव्हरकाकांना दिला. बशी पप्पांना.

पप्पांनी बशीकडं बघितलं. "हा माझा चहा आहे. माझ्या घरचा. आणि मलाच बशी?"

आपांनी पातेल्याकडं बोट दाखवलं. "साब, ह्यात आलं पन न्हाय अन् तुमी इतकं तापलात. ज्याचं डोस्कं गरम त्याला बशी. बशीत लवकर थंड हुतंय."

असं होतं तर ते. इतके दिवस मला न कळलेलं, कप कुणाला आणि बशी कुणाला. मला पहिल्या दिवशी बशी का, सास्तूरवाल्यानं बशी का उचलली, सगळ्याचं गणित एकदम लागलं. पण पप्पांना ते तसं लागलं नाही. बाकड्यावरची माणसं हसली ना, ते लागलं. ड्रायव्हरकाकांनी कपाचा सुर्रर्र केला, तो सुद्धा लागला. पप्पा उठले, पातेलं घेतलं आणि घरी गेले. घरी आल्यावर मला एवढंच म्हणाले की परत ह्या बाईला माझ्या दारात आणायचं नाही.

झालं. माझं जायचं जवळ आलेलं, आणि जे काही होणार होतं ते पण बिघडून बसलं. पप्पांनी चार वाजता परत दोन कप पाणी टाकलं. परत निम्मं बेसिनमधे.

मी आपांवर चिडले. जाऊन म्हणलं, आपा, त्यांना पहिल्याच दिवशी कप दिला असता तर काय बिघडलं असतं? मान असतो माणसाला. आपा म्हणाल्या, मानानं आला आसता तर मानानंच गेला आसता बेटा. चिडून गेला, आता यील. मी म्हणलं, नाही यायचे, तुम्ही ओळखत नाही त्यांना. त्यांनी नुसती बाकड्याकडं मान केली.

बाकड्यावर ड्रायव्हरकाका बसलेले. हातात कप नाही, बशी नाही. नुसतेच. मी विचारलं, काका, चहा झाला का? म्हणाले, कुठला. देत न्हाय ही.

आपांनी त्यांची जोडी पप्पांशी लावून टाकली होती. आता दुसरी जोडी नाही. आधी रोज कुणाबरोबर तरी मिळायचा, आता तो पण बंद. चार वाजले की काका येऊन बसायचे, आमच्या घराच्या दिशेनं बघायचे, बाकीच्यांच्या जोड्या चहा पिऊन जायच्या, आणि हे तसेच उठून जायचे. मी म्हणलं, काका, मग दुसरीकडं प्या की, स्टँडवर एवढी हॉटेलं आहेत. ते खाली बघून म्हणाले, "घोटभरच घेतला म्या तवा साहेबाच्या हातचा. बिनआल्याचा हुता. पर बरा हुता."

हे मी रात्री जेवताना पप्पांना सांगितलं. अगदी सहज, वाढता वाढता. पप्पा म्हणाले, त्याला म्हणावं पी की, मी कुठं अडवलंय. मी म्हणलं, आपा देत नाहीत. का? तुम्ही नाही म्हणून. ते थांबले. म्हणाले, म्हणजे रोज येऊन बसतो आणि तसाच जातो? मी म्हणलं, रोज. किती दिवस झाले? मी म्हणलं, तुम्ही पातेलं घेऊन आलात त्या दिवसापासून.

पप्पांनी घास तसाच ताटात ठेवला. त्यांचा चेहरा असा झाला की ऑफिसातलं काहीतरी गंभीर निघालंय. म्हणाले, "माझ्या टेबलावर मी कधी कुणाचं काम पेंडिंग ठेवलं नाही."

मी हसू दाबून म्हणलं, मग आता?

"आता काय. निकाली काढायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी चारला दहा कमी असतानाच पप्पा तयार. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. जसं काही कुणाचं पेन्शन मंजूर करायला निघालेत. पातेलं नाही नेलं. नेलं काय, तर आल्याचा एक तुकडा, कागदात गुंडाळून. तो आपांच्या पुढं ठेवला आणि बाकड्यावर बसले. आपांनी विचारलं, कोन कोन? पप्पा ड्रायव्हरकाकांकडं बोट करून म्हणाले, हे आणि मी. बशी पुढं आली ती त्यांनी मुकाट्यानं घेतली. काका म्हणाले, सायब, फुकून प्या, तवा म्या हैदराबाद गाडीवर हुतो... आणि पप्पा ऐकत बसले. पूर्ण. मी समोर अभ्यासिकेच्या जिन्यातनं बघत होते. मला माहितीये ते त्यांना किती अवघड गेलं असेल ते.

त्याच आठवड्यात मी बॅग भरली.

पुण्याला आल्यावर पण फोन चालूच होते, लाईटचे आणि डब्याचे, पण त्यात हळूहळू दुसरं पण यायला लागलं. ड्रायव्हर आज म्हणत होता. ड्रायव्हरची सून माहेरी गेलीय. ड्रायव्हरला सांगितलं मी, डोळे दाखव. मला बरं वाटायचं. आणि मग एक दिवस पप्पांचा फोन, आवाज पडलेला. आपा चालल्या. गुलबर्ग्याला, मुलीकडं. गुडघ्यांचं ऑपरेशन, आणि मुलगी म्हणतीय आता परत शेगडीपुढं बसवणार नाही.

मी सुट्टी काढून लोहारा गाठलं. खरं सांगू, मला आपांपेक्षा पप्पांची काळजी. दुकान गेलं की बाकडं गेलं, बाकडं गेलं की ड्रायव्हरकाका आपल्या घरी, पप्पा आपल्या घरी, आणि निम्मा चहा परत बेसिनमधे. दोघं एकमेकांच्या दारात जाणाऱ्यातले नाहीत. एकाला वाटणार साहेबाच्या घरी कसं जायचं, दुसऱ्याला वाटणार बोलवलं तर काय म्हणेल.

जीप दारात उभी होती. गल्ली सगळी जमलेली. आपा बाकड्यावर बसलेल्या, पुढं सगळे कप, सगळ्या बशा मांडलेल्या. आम्हाला वाटलं कुणाला तरी विकणार. तर त्या एकेकाला बोलवायला लागल्या आणि हातात देऊन टाकायला लागल्या. मास्तरला कप. जीपवाल्याला बशी. पार्लरवालीला निळ्या रेघांची बशी, आणि मला गुलाबाच्या फुलाचा कप. मी म्हणलं, आपा, हिला पण कप द्या की एक, नाहीतर मला बशी. म्हणाल्या, न्हाय. कुनालाच दोन न्हाय मिळायचं. चहा प्यावासा वाटला तर जावा ज्याच्याकडं उरलेलं हाय त्याच्याकडं.

मग पप्पांना बोलवलं. पप्पा हात पुढं करून उभे, बशी घ्यायच्या तयारीत, सवयीनं. आपांनी त्यांच्या हातात पांढरा कप ठेवला. ड्रायव्हरकाकांच्या हातात हिरवी बशी.

पप्पा म्हणाले, "मला कप? माझं डोकं थंड झालं का?"

"कवाच झालं साब. तुमालाच कळालं न्हाय."

किटली तेवढी कुणाला दिली नाही. मांडीवर घेऊन जीपमधे बसल्या. दोऱ्याचा चष्मा सारखा केला आणि जीपच्या ड्रायव्हरला म्हणाल्या, चल की, काय बघायलास, नवरदेव हायेस का. जीप गेली. आम्ही सगळे रस्त्यात उभे, प्रत्येकाच्या हातात निम्मं निम्मं.

आता आपांचा मधनंमधनं फोन येतो. ऑपरेशन झालं, चालायला लागल्यात. दवाखान्यात शेजारच्या दोन बायकांचं पंख्यावरून वाजलं होतं, तर म्हणे त्यांना एका कपाला लावून आल्या.

आणि पप्पांचं काय झालं ते मला माहीत नव्हतं. विचारायला भीती वाटायची. फोनवर पप्पा ड्रायव्हरकाकांबद्दल काही बोलेनात, मी पण विषय काढेना. कप कपाटात असेल आणि बशी त्या घरात, असंच मी धरून चालले होते. आणि आज चार वाजता हा फोन. ठेव आता, बशी आली.

बशी आली. म्हणजे ड्रायव्हरकाका हिरवी बशी हातात घेऊन गल्लीच्या त्या टोकापासून ह्या टोकापर्यंत चालत आले. आमच्या दारात. तापून आले म्हणजे घरी सुनेशी काहीतरी वाजलेलं असणार.

मला राहवेना. मी परत फोन लावला. पप्पांनी उचलला, मागनं सुर्रर्र आवाज स्पष्ट येत होता. मी म्हणलं, रोज येतात का हो? पप्पा म्हणाले, मग. आपा गेली तेव्हापासून. तू विचारलं नाहीस. मी म्हणलं, आणि चहाला पाणी किती टाकता?

म्हणाले, "दोन कप. कपबशी दोनदा भरतो. एकदा बशी त्याला, एकदा मला. आणि फोन कशाला लावलास परत? थंड होतोय." आणि परत कट.

मी इथं मशीनचा चहा घेऊन बसलीये, कागदी कपातला, सगळाच्या सगळा माझा एकटीचा. प्यावासा वाटत नाही. त्या जिन्यातल्या मॅडम समोरच्या टेबलावर एकट्याच बसल्यात, त्यांनाच जाऊन विचारणार आहे आता, बशी नाहीये पण चालेल का.

पण आधी तुम्ही सांगा. तुम्हाला कधी कुणी असं जबरदस्तीनं, तुमची इच्छा नसताना, अर्ध्या चहाला कुणाशी तरी बांधून टाकलंय का? आणि मग तो माणूस आयुष्यातनं गेलाच नाही, असं झालंय का? कोण आहे तुमची बशी?